चाळीस तरवड

तरवड कुणी लावत नसतं. तो आपला येतो. माळावर, बांधावर, मसणवाट्याच्या कडेला, जिथं दुसरं काही उगवायला राजी नसतं तिथं हा पिवळाधमक फुलून उभा. जनावर त्याला तोंड लावत नाही, पाऊस दडी मारून बसला तरी तो मरत नाही. म्हणून राजूबाईनं परसात तरवड पेरला तेव्हा सगळं गाव तिला हसलं. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार चांगली बाई होते असा पुढं कुणाचा समज व्हायला नको.

मी जानकी. चिंताकीपासून दोन कोसांवरच्या एका गावात आमचे हे, मुकुंदराव, निजामाच्या अमलात मदरशावर, म्हणजे सरकारी शाळेवर, मास्तर होते. गावाचं नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून आहेत तिथं. मास्तर गेले त्याला नऊ वर्षं झाली. नवरा मेल्यावर तोंड उघडतेय म्हणा, खुशाल म्हणा. मला सांगायचंय ते राजूबाईचं, आणि ते सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

राजूबाईचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. तेलंगणाच्या बाजूच्या गावातून ती सून म्हणून आली तेव्हा सोळा वर्षांची असेल. काळीसावळी, उंच, कामाला वाघ. तिच्या माहेरी आश्विनात बाया तरवडाच्या फुलांचे ढीग रचून त्याभोवती फेर धरतात. ते लोक तरवडाला तंगेडू म्हणतात. इकडं आमचा कानडी माणूस तंगडी म्हणतो. पलीकडच्या आळीतली गंगव्वा मुरगळलेल्या पायाला बांधायला पाला मागायला यायची, "थोडी तंगडी दे गं," म्हणायची, की राजूबाईची सासू चंद्रभागाबाई आतून ओरडायची, "माझी कामून, तुझ्या नवऱ्याची घे की मोडून!" एका झाडाला तीन नावं, आणि त्यावरून अशी थट्टा आमच्याकडं रोज चालायची.

राजूबाईच्या सासरी देवीच्या पाचव्या माळेचा मान होता. नवरात्रात गावदेवीला रोज एका घरची माळ जाते. पाचवी माळ तरवडाची आणि ती राघोबाच्या घरची. राघोबा म्हणजे राजूबाईचा नवरा. दिवसभरात दहा शब्द बोलेल तर शपथ. पण त्या दिवशी डोक्यावर फेटा बांधून, परातीत माळ घेऊन वाजतगाजत देवीकडं निघाला की ओळखू यायचा नाही. मग सरकारनं गायरानातल्या तरवडाच्या सालीचा ठेका दिला. साल कातडं कमवायला लागते. ठेकेदाराच्या माणसांनी माळ असा बोडका केला की दोन वर्षं फूल म्हणून दिसलं नाही. पाचव्या माळेला झेंडू वाहावा लागला. झालं, भावकीला तेवढंच पाहिजे होतं. झेंडूच वाहायचा तर आमच्या परसात काय कमी आहे, मान आम्हाला द्या, म्हणायला लागले. चंद्रभागाबाईनं तोंडाचा पट्टा सोडला तो सुनेवर, जसा काही ठेका हिनंच घेतला होता.

राजूबाई माहेरी गेली आणि येताना पदराच्या गाठीत शेंगा घेऊन आली. बी असं टणक की नुसतं पेरलं तर वर्षभर तसंच पडून राहतं. तिनं एकेक बी पाट्यावर घासलं, वरची चमक जाईपर्यंत, मग कोमट पाण्यात घालून ठेवलं. मृगाला परसाच्या मागच्या अंगाला दोन ओळी धरून पेरलं. सासू म्हणाली, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. मी कुंपणावरून बघत होते. मी तिला शहाणपण शिकवलं, अगं, एका जागी रोप कर आणि मग हलव, मिरचीसारखं. तेव्हा तिनं मला एक कोंब उपटून दाखवला. वर बोटभर पाला आणि खाली हातभर मूळ, सरळ सुईसारखं. म्हणाली, "अक्का, ह्याला हलवलं की मेला. जिथं पेरला तिथंच राहणार ह्यो."

पहिलं वर्ष तो वीतभरही वाढला नाही. गाव विचारायचं, काय राजूबाई, तुझं सोनं निघालं का? दुसऱ्या वर्षी तिनं शेंडे खुडले तेव्हा तर सासूनं कपाळच बडवून घेतलं. पण खुडल्यावर प्रत्येक झाडाला चार-चार फांद्या फुटल्या. पाल्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या पडायच्या, त्या ती हातानं वेचून दूर बांधावर नेऊन टाकायची, मारायची नाही. संक्रांत झाली की विळ्यानं छाटणी. उन्हाळ्यात धुण्याभांड्याचं पाणी. आणि तिसऱ्या आश्विनात परसाची मागची कड अशी फुलली की वाटेनं जाणारी माणसं थांबायला लागली. त्या वर्षी पाचवी माळ तरवडाची गेली. भावकीची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. राजूबाई मात्र दारातच उभी राहिली होती, तिला मिरवायची सवयच नव्हती. पुढं अकरा वर्षं ती माळ चुकली नाही. झाडं चाळीस होती. चाळीस, हा आकडा तिला तोंडपाठ होता, कारण एकेकाला हाक मारून विचारपूस केल्यासारखी ती रोज त्यांच्यातून फिरायची.

आता सत्तेचाळीस सालाचं सांगते. तिकडं हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, आमच्याकडं निजामाचं राज्य तसंच. हवा वाईट होती. चार माणसं जमवायची तर परवानगी, वाजंत्री लावायची तर परवानगी. पाचव्या माळेची मिरवणूक काढायची म्हणजे ठाण्यावर उर्दूत अर्जी देणं भाग होतं. शिवाय तरवड ठेक्यातला माल, तेव्हा फुलं गायरानातली नाहीत हेही लिहायला पाहिजे होतं. गावात उर्दू लिहिणारे एकटे आमचे मास्तर. राघोबा आणि राजूबाई आमच्या ओसरीवर आले. तिनंच सांगितलं, लिवा मास्तर, पाचव्या माळेला देवीला तरवड वाहायचाय, वाजवत न्यायचाय, आन् आमच्या परसात चाळीस हायती, आमीच लावल्याले. मास्तरांनी मान डोलावली, टाक बुडवला, लिहिलं. राघोबानं खाली अंगठा दिला. दोघं हात जोडून गेले.

इथं माझं एक सांगायला हवं. माझे वडील गुलबर्ग्याला कचेरीच्या आवारात बसून लोकांच्या अर्ज्या लिहायचे. त्यांच्याजवळ बसून बसून मला उर्दू वाचता यायला लागलं होतं. ज्याच्या नावाची अर्जी त्याला वाचून दाखवल्याशिवाय ते कागद हातातून सोडायचे नाहीत. मास्तरांनी वाचून दाखवलं नव्हतं. शाई वाळत होती तेव्हा मी वाकून वाचलं. देवीला तलवार वाहायची आहे. वाजतगाजत न्यायची आहे. आमच्या घरामागच्या जमिनीत चाळीस तलवारी आम्ही स्वतः गाडल्या आहेत. झाड लावणं आणि जमिनीत पुरणं, उर्दूत दोन्हीला गाडणंच म्हणतात.

"अहो, हे तलवार झालं," मी म्हणाले.

"तेच शुद्ध आहे," मास्तर म्हणाले. "शेंग बघितलीस का त्याची? चपटी, तलवारीसारखी. नाव त्यावरूनच पडलंय. तरवड हा यांचा गावंढळ उच्चार. सरकारी कागदात तो कसा लिहायचा?"

मी म्हणाले, ठाण्यावरचा आपला दस्तगीर चपराशी, त्याच्या घरी तर पिढ्यानपिढ्या उर्दू बोलतात, तोसुद्धा तरवडच म्हणतो. यावर मास्तर जे हसले ते मला अजून ऐकू येतं. चपराशाकडून भाषा शिकू का मी? बायकांनी अर्जीत नाक खुपसू नये, चूल बघावी. त्यांना खोटं लिहायचं नव्हतं हो. त्यांना शुद्ध लिहायचं होतं, तेवढीच त्यांची मिजास. मी चूल बघायला गेले. माझा बाप असता तर त्यानं तो कागद टराटरा फाडला असता.

चौथ्या माळेच्या दिवशी सकाळी ठाण्यावरून दहा-बारा शिपाई आले, सोबत ठाण्याचे फौजदार, अमीनसाहेब. तो अमीन वरच्या मुलखातला, आमच्याकडं येऊन चार महिने झाले नव्हते. तरवड त्यानं जन्मात पाहिला नसावा. त्याच्या हातात राघोबाच्या अंगठ्याचा कागद होता. जागा दाखव, म्हणाला. राजूबाईनं हौसेनं दाखवली, बिचारीला वाटलं फुलं बघायला आलेत. मग टिकाव पडायला लागले. दस्तगीर त्यांच्याबरोबर आला होता. तो हात जोडून सांगत होता, सरकार, हे झाड आहे, माझी आई मधुमेहावर याच फुलांचा काढा घेते. अमीननं कागद त्याच्यापुढं धरला आणि काय लिहिलंय ते वाच म्हणून सांगितलं. दस्तगीरनं वाचलं आणि जोडलेले हात खाली सोडले. दुपारपर्यंत दोन्ही ओळी मुळासकट निघाल्या, खाली पुरुषभर खड्डे झाले. एकही तलवार निघाली नाही. आता शहाण्या माणसानं समजावं की नसतीलच. पण नाही, कागदात चाळीस आहेत आणि जमिनीत एक नाही, म्हणजे यांनी हलवल्या. राघोबाला दोरी बांधून नेलं.

लोक सहज म्हणतात, ध चा मा झाला. म्हणताना गंमत वाटते. आमच्या भिंतीपलीकडं राजूबाई एकेक झाड उचलून खड्ड्यात उभं करत होती, माती लोटत होती, पाणी घालत होती. मुळं टिकावानं तुटलेली. हलवला की मेला, हे मला तिनंच शिकवलं होतं. तरी आठ दिवस तिनं पाणी घातलं. नवव्या दिवशी सगळी फुलं काळी पडून गळाली. ती माझ्या ओसरीवर येऊन बसली.

ती भांडायला आली नव्हती. कागदात तलवार आहे एवढं दस्तगीरनं तिला सांगितलं होतं, पण तिला वाटत होतं की ठाण्यातल्या कारकुनानं नक्कल करताना घोळ घातला. मास्तर चूक करतील हे तिच्या डोक्यातच येईना. ती मास्तरांना म्हणाली, दुसरा कागद लिवा. त्यात एवढंच लिवा की ती तरवार न्हाई, तरवड हाय, झाड हाय. बस, एवढा एक शब्द नीट झाला की माझा माणूस घरी येतोय.

मास्तर लिहितो म्हणाले. लिहिलं. ती अंगठा द्यायला वाकली आणि तेवढ्यात थांबून माझ्याकडं वळली. मला वाचता येतं हे तिला ठाऊक होतं. "अक्का, बराबर लिवलंय न्हवं?"

मी वाचलं. त्यात झाडाचं नाव नव्हतं. त्यात लिहिलं होतं, माझ्या नवऱ्याच्या हातून कसूर घडला, पुन्हा घडणार नाही, सरकारनं मेहेरबान होऊन माफी द्यावी. तिच्या माथ्यावरून मास्तर माझ्याकडं बघत होते. शब्द चुकला असं लिहिलं असतं, तर लिहिला कुणी हा पहिला सवाल आला असता. मग नोकरी गेली असती, कदाचित दोरी आमच्या घरात आली असती. मला दोन मुली होत्या. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्या वेळी ती माझ्या मनात आली ती एका क्षणात, फार विचारसुद्धा करावा लागला नाही.

"व्हय," मी म्हणाले. "बरोबर आहे."

तिनं अंगठा दिला.

रात्रंदिवस ती वाट बघायची. माघात कुणीतरी ठिकाण सांगितलं म्हणून बैलगाडीनं, मग पायी, दूरच्या तुरुंगापर्यंत गेली. भेट मिळाली नाही. पण तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनाला दया आली, त्यानं दप्तर काढून बघितलं. तो तिला म्हणाला, बाई, तू आता रडतेस कशाला, तूच तर अंगठा देऊन कबूल केलंयस. आणि दोन्ही कागद तिला वाचून दाखवले, पहिला आणि दुसरा. पहिल्याचं अक्षर आणि दुसऱ्याचं अक्षर एकाच हाताचं आहे, हेही त्यानं दाखवलं.

परत आली ती थेट माझ्या दारात. पायाला फोड आलेले. ओसरीवर चढली नाही. "तुमी वाचल्याला होता न्हवं?" एवढंच विचारलं. पहिल्यांदा तिनं मला अक्का म्हटलं नाही. मी निवडायला घेतलेली तूर निवडत राहिले. ती निघून गेली.

आषाढात दस्तगीर निरोप घेऊन आला. तुरुंगात हगवणीची साथ आली होती, राघोबा गेला. तिथंच माती दिली. तो सांगताना रडला, आणि आम्ही बामणाच्या घरात दार लोटून बसलो होतो. चंद्रभागाबाईनं अंथरूण धरलं आणि पोळ्याआधी ती संपली.

आणि मग भाद्रपदात पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. काल जे घरात तोंड लपवून होते ते आज छाती काढून हिंडायला लागले. त्यात आमचे मास्तर पुढं. दसऱ्याला मदरशाच्या पटांगणात झेंडा लावून सभा भरवली. मास्तरांनी भाषण केलं, आणि मी बायकांत बसून ऐकत होते. ते म्हणाले, या गावानंही जुलमाविरुद्ध शस्त्र उचललं होतं. राघोबानं परसात चाळीस तलवारी पुरून ठेवल्या होत्या. शत्रूनं जमीन खणली, पण त्या वीरानं जागा सांगितली नाही, प्राण दिला. मला या गोष्टीची माहिती होती, पण तेव्हा बोलणं शक्य नव्हतं. असं म्हणाले ते. माहिती होती! करून सवरून नामानिराळे राहणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण स्वतःच्या चुकीचा पोवाडा करणारा एकच पाहिला, आणि त्याच्या ताटाला ताट लावून मी पुढं पस्तीस वर्षं जेवले.

टाळ्या पडल्या. ज्या भावकीला मान काढून घ्यायचा होता तीच भावकी आता डोळे पुसत होती, कारण वीर त्यांच्या घराण्यातला निघाला होता. राजूबाईला लुगडं आणि नारळ द्यायला पुढं बोलावलं. ती गेली. लुगड्याला हात लावला नाही. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"माझ्या मालकानं तरवारी पुरल्या न्हाईत. तरवड होता, त्यो बी मी लावल्याला. ह्या मास्तरानं कागदात तरवार लिवली, आन् मालकाचा जीव गेला. त्यो वीर नव्हता. त्यानं काईच केलं नव्हतं."

मास्तर सावरले आणि हळू आवाजात म्हणाले, दुःखानं बाईचं चित्त ठिकाणावर नाही, तिला सांभाळून घ्या. दोन-चार माणसं तिला धरायला उठली. तिनं हात झटकला आणि माझ्याकडं बोट केलं. "तिला उर्दू वाचता येतंय. दोनी कागद तिनं वाचल्याले हायत. तिला इचारा."

सगळी सभा माझ्याकडं वळली. माझ्या मुली माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. मास्तर तिकडून माझ्याकडं बघत होते, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या नजरेत गयावया होती. आता काही ठाणं नव्हतं, अमीन नव्हता, दोरी नव्हती. लोकांनी फार तर तोंडात शेण घातलं असतं, आणि ते मी खाल्लं असतं तर आज बरी झोप लागली असती.

मी पदर सावरला. म्हणाले, "मला कुठं वाचता येतं? मी अडाणी बाई."

कुणीतरी मागून हसलं, सुटल्यासारखं. नारळ फुटला. राजूबाई माझ्याकडं बघत राहिली, मी मान खाली घातली तेव्हा ती गेली.

त्यानंतर ती बावीस वर्षं जगली, भिंतीला भिंत लागून. परसात पुन्हा काही पेरलं नाही. एकाच आडावर आम्ही पाणी भरलं, आणि मी दोर ओढत असले की ती घागर घेऊन लांब उभी राहायची. गाव तिला येडी राजू म्हणायचं. दर दसऱ्याला कुणी ना कुणी तिला सांगायला जायचं की तुझा नवरा केवढा शूर होता, आणि ती प्रत्येकाला न कंटाळता सांगायची की न्हाई, त्यो तसा नव्हता. तिच्या मरणालाही लोक जमले ते वीरपत्नीच्या. मदरशाच्या भिंतीवर मास्तरांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात राघोबाचं नाव लिहिलंय, खाली चाळीस तलवारींची हकिगत. दर वर्षी ते पुन्हा रंगवतात. आता गावातल्या सगळ्या लेकरांना वाचता येतं, आणि ती तेच वाचतात.